माघातली बाग आणि न दुखणारा काटा

माघ महिना लागला की आमच्या दवाखान्यातली सर्दी-खोकल्याची गर्दी हळूहळू ओसरते आणि मला रविवारची सकाळ मोकळी मिळू लागते. पहाटे अजून स्वेटर लागतो, पण दहा वाजता ऊन पाठीला चटका देते. आंब्याला मोहोर आलेला असतो, शेवग्याची पांढरी फुले अंगणभर पडतात, आणि मागच्या परसात कोरड्या पानांचा घोट्याएवढा थर साचलेला असतो. या दिवसांत आमच्या घरी सगळ्यांनी मिळून परसबाग साफ करायची, उन्हाळी भाज्यांची आळी करायची आणि पावसाळ्यानंतर झाडोऱ्यात हरवलेले काय काय सापडते ते पाहायचे, असा जुना रिवाज आहे. माझे वडील होते तेव्हापासून तो चालत आला आहे.

आज या सदरात एखाद्या रोगाची माहिती सरळ सुरू न करता गेल्या वर्षीच्या माघातली, माझ्या स्वतःच्या घरातली हकिगत सांगणार आहे. ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. कारण तिच्यात चूक झाली ती रोग्याची नाही, डॉक्टरची. आणि तो डॉक्टर मीच.

पानांखाली काय काय सापडले

त्या रविवारी आम्ही सगळे परसात होतो. आमच्या सौ., मुलगा, सूनबाई, पहिलीत जाणारा नातू आणि या सगळ्यांची मुकादम म्हणजे माझी आई. तिचे वय तेव्हा ७९. आमचे गाव कृष्णाकाठचे, सांगली जिल्ह्यातले. त्यामुळे परसातही चार वाफे हळद असायचीच. (सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाचकांना ठाऊक आहेच.) हळदीची पाने पौषातच पिवळी पडून आडवी झाली होती. मुलाने कुदळीने गड्डे उपटले, सूनबाईंनी माती झटकली आणि आईने पाटावर बसून वर्गवारी केली. जेठे गड्डे बेण्यासाठी बाजूला, हळकुंडे शिजवून वाळवण्यासाठी वेगळी. जेठे गड्डे सावलीत, कडुनिंबाच्या पाल्याखाली झाकून ठेवायचे ते थेट अक्षय्य तृतीयेला लावायचे.

नातवाचे काम वेगळे. पाने बाजूला सारायची आणि खाली काय आहे ते ओरडून सांगायचे. त्याला कढीपत्त्याच्या मुळांवर फुटलेली नवी चार रोपे सापडली. गेल्या उन्हाळ्यात खाऊन टाकलेल्या पपईच्या बियांपासून आपोआप उगवलेली दोन रोपे सापडली. भिंतीकडेला वीतभर सीताफळ निघाले. सुरणाचा एक विसरलेला गड्डा निघाला, तो त्याने दोन्ही हातांनी उचलून आणला. कुंपणाच्या बाजूला एक नाजूक, लांबट पानांचे रोप त्याला फार आवडले. ते होते बिट्टीचे, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे. ते मात्र मी त्याच्यासमोर उपटून टाकले. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

पण आईला हवे होते ते काही सापडत नव्हते. माझ्या वडिलांनी एका कोपऱ्यात भुईचाफा लावला होता. भुईचाफ्याची गंमत अशी की हिवाळ्यात तो पार नाहीसा होतो. जमिनीवर पान नाही की देठ नाही. आणि चैत्राच्या सुमारास एके दिवशी एकदम मातीतूनच जांभळट-पांढरी सुवासिक फुले वर येतात, पाने त्यानंतर. वडील गेल्यानंतर दोन वर्षे ती फुले आली नव्हती. कंद कुजले असावेत, असे आम्ही धरून चाललो होतो. आईने मात्र तो नाद सोडला नव्हता.

"लिंबाच्या पलीकडं होता," असे म्हणून ती स्वतः उठली. चपला तिने परसाच्या पायरीशीच काढून ठेवलेल्या. काळ्या आईवर चपला घालून जायचे नाही, हा तिचा जन्माचा नियम. लिंबाच्या कोपऱ्यात तिने खुरप्याने हळूहळू माती उकरली आणि बोटाएवढ्या गाठींचा, मुळांना शेंगदाण्यासारख्या गोळ्या लटकलेला एक झुपका वर काढला. "बघ, जिता आहे," असे म्हणून तिने तो पदराने पुसला. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. कंद तिने पुन्हा तिथेच नीट लावला, वर पाल्याचे आच्छादन घातले आणि नातवाकडून तांब्याभर पाणी घालून घेतले.

त्या कागदी लिंबाच्या वाळक्या फांद्या मी आदल्या संध्याकाळी छाटल्या होत्या. "उद्या गोळा करू" म्हणून तिथेच पडू दिल्या होत्या. लिंबाचा काटा कसा असतो ते सांगायला नको.

चार दिवसांनी

त्या आठवड्यात आई रोजच्यासारखी वावरत होती. तुळशीला पाणी, पूजा, दुपारची वामकुक्षी, सगळे नेहमीप्रमाणे. गुरुवारी संध्याकाळी ती पायरीवर पाय पसरून बसली असताना शेजारी खेळणारा नातू म्हणाला, "पणजी, तुझ्या पायाला काळा टिपका आहे."

"माती असंल," आई म्हणाली.

"नाही, ओलं आहे."

मी दवाखान्यातून नुकताच आलो होतो. सहज वाकून पाहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. उजव्या तळव्यावर, तिसऱ्या बोटाच्या बुडाशी एक काळा ठिपका. भोवताली रुपयाएवढी जागा लाल, गरम आणि सुजलेली. कडेने दाबले तर पू आला. पायाच्या वरच्या बाजूलाही सूज चढली होती. तापमान घेतले तर अंगात बारीक ताप.

"आई, दुखत नाही तुला?"

"नाही रे. काय झालंय?"

वाचकहो, या "नाही रे" ने मला जितके घाबरवले तितके तिच्या किंचाळण्यानेही घाबरवले नसते. ज्या पायात चार दिवस काटा रुतून बसला आहे, पू झाला आहे, आणि ज्यावर ती दिवसभर चालते आहे, तो पाय दुखत नाही याचा अर्थ त्या पायाच्या नसा मेल्या आहेत.

माझ्या आईला मधुमेह होऊन तेव्हा १७ वर्षे झाली होती. आणि खरी बोच पुढेच आहे. महिनाभर आधी ती मला दोनदा म्हणाली होती, की अलीकडे चालताना तळव्याखाली गादी घातल्यासारखी वाटते. आणि एकदा चप्पल पायातून निसटून मागे राहिली, तरी तिला दहा पावले चालेपर्यंत कळले नाही. मी काय केले? "वयाप्रमाणे होतं आई," असे म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी दिली. हेच शब्द एखाद्या रोग्याने दवाखान्यात उच्चारले असते तर मी त्याला टेबलावर झोपवून पाय तपासले असते. घरच्या माणसाचे पाय मी नमस्कारापुरते पाहत होतो.

नंतर काय झाले

रक्तातील साखर ३१२ निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी ९.४ आली. आईच्या बाबतीत ती सात-आठच्या घरात असावी अशी अपेक्षा होती. संक्रांतीचे तिळगूळ आणि रथसप्तमीपर्यंत चाललेली हळदीकुंकवे यांनी आपला हात दाखवला होता आणि मी "सणाचे दिवस आहेत" म्हणून दुर्लक्ष केले होते.

रात्रीच आम्ही तिला जिल्ह्याच्या ठिकाणी माझ्या एका सर्जन मित्राकडे नेले. एक्स-रे काढला, तो हाडाला इजा आहे का हे पाहण्यासाठी. लाकूड किंवा काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही, हे अनेकांना माहीत नसते. "एक्स-रेत काही नाही" म्हणजे आत काटा नाही असे नव्हे. काटा दिसला तो सोनोग्राफीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जखम उघडून पू काढला. अर्ध्या इंचाचा तो लिंबाचा काटा सर्जनने बाटलीत घालून माझ्या हातात दिला. तो आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

सहा दिवस शिरेतून प्रतिजैविके, साखर आटोक्यात आणण्यासाठी इन्सुलिन, रोज ड्रेसिंग. पायाच्या रक्तवाहिन्या सुदैवाने बऱ्या होत्या, त्यामुळे बोट वाचले. तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, कारण हाडात पू शिरला असल्यास पहिल्या दहा-पंधरा दिवसांत तो एक्स-रेत दिसतोच असे नाही. तोही स्वच्छ निघाला. जखम भरायला सात आठवडे लागले. या सात आठवड्यांत त्या पायावर भार द्यायचा नाही, ही सर्वांत कठीण शिक्षा होती. कारण दुखत नसलेल्या पायावर चालू नको, हे माणसाला पटत नाही.

मधुमेहात पायाचे काय होते

साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की तिचा परिणाम शरीरातल्या सर्वांत लांब नसांवर आधी होतो. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. आधी मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, रात्री ती वाढते. पुढे ही आग आपोआप थांबते. रोगी म्हणतो, "आता बरे वाटते." प्रत्यक्षात आग थांबली याचे कारण नस बरी झाली हे नसून नस मुकी झाली, हे असते. मग गादीवरून चालल्यासारखे वाटते, चप्पल निसटलेली कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी घडतात. पायाला घाम येणे कमी होऊन त्वचा कोरडी पडते आणि भेगा पडतात. रक्तवाहिन्या अरुंद होऊन रक्तपुरवठा घटतो, तंबाखू व विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर विशेषच. आणि जादा साखरेमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत. म्हणजे पहारेकरी झोपलेला, वाट मोडलेली आणि शिपाई दमलेले. अशा घरात काटा हे निमित्त पुरते.

दुखणे हा आपला शत्रू आहे असे आपण समजतो. परंतु दुखते म्हणून आपण लंगडतो, लंगडतो म्हणून त्या जागेला विश्रांती मिळते, आणि म्हणून ती बरी होते. मधुमेहाने नेमका हा उपकार काढून घेतलेला असतो.

आणखी एक गोष्ट. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी उत्तम आहे, ती मनाने मुळीच बंद करू नये. पण ती अनेक वर्षे घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी माणसांत, बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांना मुंग्या व बधिरपणा येतो. त्यामुळे बी-१२ची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. आईचे ते कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू झाली. माझी गोळ्यांची पट्टी अगदीच वाया गेली नसती, पण तपासल्याशिवाय दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड.

घरी करता येईल अशी एक चाचणी

ही चाचणी कोणीही करू शकतो, एक पैसा लागत नाही. मधुमेही माणसाला पाय लांब करून डोळे मिटायला सांगावे. तुम्ही तर्जनीच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांच्या शेंड्यांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, दोनदा टोचायचे नाही. प्रत्येक पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, असे दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श. स्पर्श कळला की त्याने "डावा" किंवा "उजवा" म्हणायचे. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवावा. सगळे स्पर्श कळले तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेतच.

आमच्या घरी हे काम आता नातवाकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो पणजीची परीक्षा घेतो. सहांपैकी तिला दोनच कळतात. तो तिला "नापास" म्हणतो. ती हसते. मला हसू येत नाही, पण तो परीक्षा घेतो याचे समाधान वाटते.

पायांची दिनचर्या

मधुमेही माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. रोज रात्री निजण्यापूर्वी दोन्ही पाय, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. नजर अधू असेल तर दुसऱ्याने पाहावे. दातांना ब्रश लागतो तसे हे रोजचे काम समजावे.

२. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्याची ऊब पायाने न पाहता हाताच्या कोपराने किंवा घरच्या दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावी. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. टाचांना व तळव्यांना खोबरेल तेल लावावे, बेचक्यांत लावू नये.

३. थंडीत पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी, शेगडी किंवा तापलेली वीट कदापि वापरू नये. भाजलेले कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो.

४. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. भोवरी ब्लेडने स्वतः कापू नये, बाजारातल्या भोवरीच्या पट्ट्याही लावू नयेत.

५. घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. पादत्राण मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले असावे. अंगठ्यात अडकवायची चप्पल टाळावी. एम.सी.आर. नावाच्या मऊ रबराच्या तळाची पादत्राणे मिळतात, ती चांगली. नवी पादत्राणे संध्याकाळी विकत घ्यावीत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा नाही ना हे पाहावे.

६. चैत्र जवळ आला की देवदर्शनाचे दिवस येतात. ज्योतिबाची यात्रा, शिंगणापूरची कावड, गावोगावच्या जत्रा. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्यांना फोड घेऊन येणारे मधुमेही भाविक मी दर वर्षी पाहतो. जाड सुती मोजे घालून प्रदक्षिणा घालावी, आणि दर्शनाला सकाळी लवकर जावे. श्रद्धेत त्याने काही उणे होत नाही.

काटा मोडला तर

आपल्याकडे काटा काढण्याचे अनेक घरगुती प्रकार आहेत. सेफ्टी पिनने कोरणे, रुईचा चीक लावणे, गूळ तापवून बांधणे, बिब्ब्याचा चटका देणे. निरोगी तरुण माणूस यांतून एखादे वेळी निभावून जातो. मधुमेही माणसाने यांतला एकही प्रकार करू नये. बिब्ब्याने आणि चिकाने त्वचा भाजते आणि एका जखमेच्या दोन होतात.

काटा वर दिसत असेल तर जागा साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ चिमट्याने काटा ज्या दिशेने गेला त्याच दिशेने सरळ ओढावा आणि पुन्हा धुवावे. काटा आत मोडला असेल, जखम खोल असेल, लाली-सूज-पू असेल, किंवा माणूस मधुमेही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद चेपून चार दिवस वाट पाहू नये. हळद आमच्या परसातलीच होती, तरी हे सांगतो.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. जखम झाल्यापासून साधारण ३ ते २१ दिवसांत तो रोग उद्भवू शकतो. आपल्या देशाने २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन केल्याचे जाहीर झाले, ही मोठी कामगिरी आहे. पण मातीतले जंतू कुठे गेलेले नाहीत. सरकारी लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या कित्येक वडीलधाऱ्यांना ही लस पूर्ण मिळालेलीच नाही. माझ्या आईला तिच्या लशी आठवत नव्हत्या, म्हणून तिला लशीबरोबर धनुर्वाताची तयार प्रतिद्रव्येही द्यावी लागली. पूर्वी आपण टी.टी.चे इंजेक्शन म्हणायचो, त्याच्या जागी आता टी.डी. आहे. त्यात घटसर्पाचीही लस असते. लसीकरण पूर्ण असलेल्या माणसाने दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. माती-शेण लागलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल तर लगेच घ्यावा. खरचटले की दर वेळी इंजेक्शन टोचून घेण्याची मात्र गरज नाही.

बागेतली आणखी काही पथ्ये

बिट्टीचे रोप मी का उपटले, ते सांगायचे राहिले. लहानपणी आम्ही बिट्ट्यांचे खेळ खेळलो आहोत, वाचकांपैकीही पुष्कळजण खेळले असतील. पण तिच्या बियांत हृदयाची गती बिघडवणारे तीव्र विष असते. बी खाल्ल्यास उलट्या होतात, नाडी मंदावते, जीवही जाऊ शकतो. लहान मूल असलेल्या घरी हे झाड नको. मुलाने बी खाल्ल्याची शंका आली तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ घालवू नये. उरलेली बी सोबत घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे, जिथे हृदयाचा आलेख काढण्याची सोय आहे.

पाल्याच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवावा. खाली विंचू, साप असू शकतो. सर्पदंश झाल्यास दोरी आवळून बांधू नये, जखम कापू नये, तोंडाने विष चोखू नये. तो अवयव न हलवता माणसाला लगेच रुग्णालयात न्यावे. गाजरगवत उघड्या हाताने उपटू नये, त्याने त्वचेला चिवट खाज सुटते आणि दम्याचाही त्रास वाढतो. पाला जाळू नये. त्याच्या धुराने शेजारच्या दमेकऱ्याची रात्र जाते. त्याचे आच्छादन केले तर उन्हाळ्यात भाज्यांना पाणीही कमी लागते. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून, ताटली घासून ठेवावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

चपलांचा तंटा

आई घरी आल्यावर खरा तंटा उभा राहिला तो चपलांचा. सात आठवडे ती खाटेवर बसून बागेवर हुकूम सोडत होती. भेंडी आणि गवार मुलाने लावली, दोडक्याला मांडव सूनबाईंनी केला, मोगऱ्याची छाटणी सौ.नी केली. लिंबाच्या सगळ्या काटक्या मी स्वतः वेचल्या, एकेक. पण "बरी झालीस की बागेत चप्पल घालूनच जायचं," असे म्हटले की ती तोंड फिरवायची. मी नसांचे शास्त्र सांगितले, सर्जनने बोट कापावे लागले असते असे सांगितले. काही उपयोग झाला नाही.

तोडगा शेवटी तिनेच काढला. "रस्त्यावरची घाण तुडवलेली चप्पल मातीवर नको, एवढंच माझं म्हणणं," ती म्हणाली. "बाहेर कधीच न घातलेली नवी असली तर चालंल." मी त्याच दिवशी मऊ तळाची, मागे पट्टा असलेली जोडी आणली. ती परसाच्या पायरीवरच राहते, उंबऱ्याबाहेर जात नाही. वीस वर्षे रोग्यांना "चप्पल घाला" म्हणणाऱ्या मला हे कधी सुचले नव्हते. "का घालत नाही?" हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. आता विचारतो. शेतकरी म्हणतो, चिखलात चप्पल रुतते. देवभक्त बाई म्हणते, स्वयंपाकघरात चालत नाही. कोणाकडे पैसे नसतात. प्रत्येकाचा तोडगा वेगळा निघतो, पण निघतो.

पाडव्याला आईने गुढीपाशी उभे राहून नमस्कार केला, पायात ती जोडी घालून. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सकाळी नातू धावत आला. लिंबापलीकडच्या आच्छादनातून भुईचाफ्याची तीन फुले वर आली होती. आई काठी टेकत गेली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली. काही बोलली नाही.

यंदाही माघ आला आहे. पुन्हा पाने साचली आहेत, पुन्हा रविवारी सगळे परसात जमणार आहोत. या वेळी सुरुवात मी बदलली आहे. कुदळ हातात घेण्यापूर्वी आईला पायरीवर बसवायचे, तिचे दोन्ही पाय मांडीवर घ्यायचे आणि उजेडात नीट पाहायचे.

वाचकहो, तुमच्याही घरात मधुमेह असलेले आई-वडील, काका, आत्या, सासूबाई असतील. आज वाकून नमस्कार कराल तेव्हा क्षणभर थांबा आणि त्यांचे तळवे पाहा. "दुखत नाही" असे ते म्हणाले, तर जास्त काळजीपूर्वक पाहा.